पायाच्या अक्षाची शस्त्रक्रियेतील तपासणी

वाकड्या पायाचे हाड छेदून तो सरळ करताना, हाड पक्के बसवण्यापूर्वी पायाची रेषा पडताळून पाहतात. खुब्याच्या सांध्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंतच्या काल्पनिक रेषेस यांत्रिक अक्ष म्हणतात. निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्याजवळून, किंचित आतल्या बाजूने जाते. ती ढळलेली राहिल्यास शरीराचा भार गुडघ्याच्या एकाच बाजूवर पडून सांधा लवकर झिजतो. मुडदूस आणि पाण्यातील फ्लोराइडमुळे होणारा फ्लोरोसिस ही अशा व्यंगाची दोन कारणे होत. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड हे महाराष्ट्रातील फ्लोराइडग्रस्त जिल्ह्यांपैकी आहेत.

पद्धत

रुग्णास उताणे ठेवून गुडघ्याची वाटी समोर आणतात. कॉटरी यंत्राची वायर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ताणून धरतात आणि ती गुडघ्यावरून कोठून जाते, हे सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर पाहतात. रेषा योग्य जागी नसल्यास हाडाचा कोन बदलतात. मगच प्लेट किंवा खिळा पक्का करतात.

मर्यादा

पाय थोडा जरी आत-बाहेर वळलेला असला, तरी रेषा चुकीच्या जागी दिसते. आडव्या रुग्णाच्या पायावर भार नसल्याने सैल अस्थिबंधांचा परिणामही कळत नाही. म्हणून पुढे रुग्ण उभा राहू लागल्यावर खुब्यापासून घोट्यापर्यंतचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन खात्री करतात. इलिझारोव्ह चौकट बसवलेली असल्यास शस्त्रक्रियेनंतरही कोन हळूहळू सुधारता येतो.