डेबियनची धोरणपुस्तिका

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत येणाऱ्या प्रत्येक पॅकेजने, म्हणजे बसवण्यासाठी तयार बांधलेल्या प्रोग्रॅमच्या गठ्ठ्याने, पाळायचे नियम 'डेबियन पॉलिसी मॅन्युअल' या धोरणपुस्तिकेत लिहिलेले आहेत. पॅकेजला नाव कसे द्यावे, कोणती फाइल कोणत्या फोल्डरात ठेवावी, एका पॅकेजला दुसऱ्याची गरज असेल तर ती कशी नोंदवावी, जुनी आवृत्ती काढून नवी बसवताना वापरणाऱ्याने स्वतः केलेल्या बदलांचे काय करावे, हे सारे तिच्यात येते. १९९६ पासून ही पुस्तिका सतत लिहिली आणि दुरुस्त केली जात आहे. या कामासाठी डेबियन कोणालाही पगार देत नाही. पुस्तिकेचे शब्द जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांनी ठरवले आहेत आणि त्यांतले बहुतेक एकमेकांना क्वचितच भेटतात.

पुस्तिकेची गरज डेबियनच्या जन्मातच होती. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान या दोन नावांतून 'डेबियन' हे नाव तयार झाले. लिनक्सची पूर्ण प्रणाली एखाद्या माणसाने किंवा कंपनीने बंद दाराआड न बांधता अनेकांनी उघडपणे बांधावी आणि प्रत्येकाने आपापल्या पॅकेजची जबाबदारी घ्यावी, अशी मर्डॉक यांची कल्पना होती. एकाच वाड्याची दारे वेगवेगळ्या गावच्या सुतारांकडून करून घ्यायची असतील, तर चौकटीचे माप आधी ठरलेले लागते. जून १९९६ मध्ये आलेल्या १.१ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. जुलै १९९८ मधल्या २.० मध्ये ती दीड हजारांवर गेली आणि ती सांभाळणारे चारशेहून अधिक होते. आता तोंडी समजुतीवर भागण्यासारखे राहिले नव्हते.

माप लिहून काढण्याचे काम आधी इयान जॅक्सन यांनी केले. पॅकेजे बसवणारा आणि काढणारा 'डीपीकेजी' हा कार्यक्रम बऱ्याच अंशी त्यांच्या हातचा, आणि बग नोंदवण्याची डेबियनची यंत्रणाही त्यांनीच उभी केली. पॅकेज कसे बांधावे हे सांगणारी एक पुस्तिका होती आणि कोणते नियम पाळावेत हे सांगणारी दुसरी. दोन्हींची हद्द नीट आखलेली नव्हती. २००१ मध्ये पहिलीतील बंधनकारक भाग दुसरीत घेऊन एकच पुस्तिका ठेवण्यात आली. त्याआधी काही काळ नियमांच्या पुस्तिकेचे संपादन ख्रिश्चन श्वार्झ यांच्याकडे होते. चर्चा ऐकायची, सर्वांचे मत जोखायचे आणि मग मजकूर लिहायचा, अशी त्यांची पद्धत होती. पुस्तिकेच्या मूळ लेखकांत जॅक्सन यांच्यासोबत त्यांचेही नाव आहे. १९९८ मध्ये श्वार्झ या कामातून बाजूला झाले.

एका माणसावर बेतलेली व्यवस्था तो माणूस गेला की अडते, आणि इथेही तसेच झाले. नवा संपादक नेमणे हा सोपा मार्ग होता. स्वयंसेवकांनी तो घेतला नाही. मनोज श्रीवास्तव यांनी मांडलेल्या पद्धतीत संपादकाकडची निर्णयाची सत्ताच काढून घेण्यात आली. पुस्तिका सांभाळणारे फक्त कारकुनाचे काम करतील, म्हणजे ठरलेला मजकूर पुस्तिकेत उतरवतील. काय ठरायचे ते उघड चर्चेत ठरेल. पुस्तिकेच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे वळण मानायला हवे, कारण आज जी पद्धत चालते तिचा सांगाडा तेव्हाचाच आहे.

तो सांगाडा मराठी माणसाला सभेच्या कामकाजावरून लगेच उमजेल. सूचक असतो, अनुमोदक असतो. फरक एवढाच की सभागृह नसते आणि वेळेचे बंधनही नसते. धोरणपुस्तिका हीदेखील डेबियनमधील एक पॅकेजच आहे. ती इतर पॅकेजांसारखीच संगणकावर बसवता येते आणि इतर पॅकेजांसारखीच तिच्याविरुद्ध बग नोंदवता येतो. एखादा नियम चुकीचा, अपुरा किंवा कालबाह्य वाटला तर कोणीही, अगदी डेबियनचा सदस्य नसलेलाही, तसा बग नोंदवू शकतो. त्या बगला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाखाली पुढची सगळी चर्चा कायमची जमा होते. वीस वर्षांनी एखाद्याला प्रश्न पडला की हे कलम असे का लिहिले, तर उत्तर तिथे सापडते. कितीतरी सरकारी नियमांच्या बाबतीत ही सोय नसते.

चर्चा पिकली की कोणीतरी नेमका मजकूर लिहून पॅच देतो: ही ओळ काढा, तिथे ही घाला. इथे खरी कसोटी लागते. 'कल्पना चांगली आहे' एवढे म्हणून अनुमोदन होत नाही. अनुमोदन त्या शब्दांना द्यायचे असते. प्रस्ताव मांडणाऱ्यासह तीन डेबियन डेव्हलपर, म्हणजे प्रकल्पाचे अधिकृत सदस्य, शब्दशः सहमत झाले आणि सबळ हरकत उरली नाही, की पुढच्या आवृत्तीसाठी मजकूर स्वीकारला जातो. शुद्धलेखनाची चूक किंवा नुसते स्पष्टीकरण असेल तर अनुमोदक लागत नाहीत. नियमाचा अर्थ बदलत असेल तर मात्र लागतातच. पुढे धोरण-संपादक प्रकल्पप्रमुखाच्या नेमणुकीने येऊ लागले. त्यांनाही आपल्या प्रस्तावासाठी अनुमोदक शोधावे लागतात.

पाळायला न लावता नियम पाळले जातात ते कसे, हा प्रश्न इथे येतोच. २ डिसेंबर १९९८ रोजी मंजूर झालेली डेबियनची घटना स्पष्ट सांगते की प्रकल्पासाठी काम करण्याची सक्ती कोणावरही नाही. सोपवलेले काम नको असेल तर करू नये. रीतसर झालेल्या निर्णयांविरुद्ध मुद्दाम काम मात्र करू नये. म्हणजे हुकूम देण्याची सोय मुळातच नाही. नियमांचे वजन दोन गोष्टींवर उभे आहे: शब्दांच्या पायऱ्या आणि आवृत्तीचा आकडा.

पायऱ्या तीन इंग्रजी क्रियापदांवर बेतलेल्या आहेत: 'मस्ट', 'शुड' आणि 'मे'. 'मस्ट' असलेला नियम मोडला तर तो गंभीर बग ठरतो आणि असे पॅकेज साधारणपणे नव्या आवृत्तीत जाऊ शकत नाही. 'शुड' मोडला तरी तो दोषच, पण पॅकेज त्यामुळे अडत नाही. 'मे' म्हणजे मुभा. अनेक चर्चा नियमाच्या आशयावर संपतात आणि मग या क्रियापदावर पुन्हा सुरू होतात, कारण 'शुड'चा 'मस्ट' केला की शेकडो पॅकेजे एका रात्रीत सदोष ठरू शकतात. कोणत्या दोषासाठी आवृत्ती रोखायची याची अंतिम यादी आवृत्ती काढणारा चमू वेगळी ठेवतो, आणि ती पुस्तिकेशी तंतोतंत जुळतेच असे नाही.

आवृत्तीच्या आकड्याची योजना आणखी व्यवहारी आहे. पुस्तिकेला चार भागांचा आकडा असतो. शेवटचा भाग बदलला तर फक्त शब्दांची डागडुजी झाली असे समजायचे. पहिल्या तीन भागांपैकी एखादा बदलला तर नियम बदलले. प्रत्येक पॅकेजच्या माहितीत 'स्टँडर्ड्स-व्हर्जन' नावाची एक ओळ असते. पॅकेज शेवटचे कोणत्या आवृत्तीशी ताडून पाहिले ते तिथे लिहिलेले असते. सांभाळणारा ती ओळ पाहतो, पुस्तिकेच्या जोडीला असलेली बदलांची यादी तिथून पुढे वाचतो, लागेल तेवढे बदल करतो आणि आकडा पुढे नेतो. नियम बदलला म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी धावपळ करावी लागत नाही. जे तपासणे यंत्राला जमते ते 'लिंटियन' हा कार्यक्रम करतो. १९९८ मध्ये श्वार्झ आणि रिचर्ड ब्राकमन यांनी तो सुरू केला. पुस्तिकेतले कितीतरी नियम लोक आधी लिंटियनच्या इशाऱ्यातून शिकतात आणि मग पुस्तिका उघडतात.

नियमाची भाषा किती बारीक असते याचे उत्तम उदाहरण शेल स्क्रिप्टच्या कलमात सापडते. शेल म्हणजे लिहून दिलेल्या आज्ञा चालवणारा कार्यक्रम. सर्वसाधारण शेलवर चालणाऱ्या स्क्रिप्टने युनिक्सवजा प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाबाहेरचे काही गृहीत धरू नये, असे कलम म्हणते. पण त्यालाच काही अपवाद जोडलेले आहेत. 'इको' या आज्ञेला उणे-एन हा पर्याय दिला तर शेवटी नवी ओळ उमटू नये, ही मानकात नसलेली अपेक्षा तिथे नियम म्हणून आहे. फंक्शनपुरता चल ठरवणाऱ्या 'लोकल' या शब्दाचेही तेच. या गोष्टी असंख्य स्क्रिप्टमध्ये आधीपासून होत्या आणि डेबियनमधले शेल त्या चालवत होते. त्यांना निषिद्ध ठरवण्याऐवजी पुस्तिकेने त्यांची हद्द आखून दिली. पुढे डेबियनच्या ६.० या आवृत्तीत मूळ शेल म्हणून 'बॅश'ऐवजी आटोपशीर आणि वेगवान 'डॅश' आला, तो या आखलेल्या हद्दीमुळेच आणता आला.

दुसरे कलम सामान्य वापरणाऱ्याच्या जास्त ओळखीचे. कॉन्फिगरेशनच्या फाइली 'इटीसी' या फोल्डरात असाव्यात आणि वापरणाऱ्याने त्यांत केलेले बदल नवी आवृत्ती बसवताना टिकले पाहिजेत, असा सक्त नियम आहे. म्हणूनच फाइल दोन्ही बाजूंनी बदललेली असली की डेबियन मध्येच थांबून विचारतो: तुमची ठेवू की नवी आणू? काही न सांगता नुसते एंटर दाबले तर वापरणाऱ्याची जुनी फाइल राहते. वर्षानुवर्षे सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा डेबियनवर जो विश्वास आहे, त्यातला मोठा वाटा या एका कलमाचा आहे.

पद्धत नेहमी सुरळीत चालली असे नाही. १९९९ मध्ये पुस्तिकेच्या ३.० या आवृत्तीने फोल्डरांच्या रचनेचे नवे मानक स्वीकारले. त्यामुळे 'यूएसआर' फोल्डरातील 'डॉक'मध्ये असलेली सगळी कागदपत्रे 'शेअर'च्या आत हलवणे भाग पडले. काही पॅकेजे हलली, काही नाही, आणि वापरणाऱ्याला दोन ठिकाणी शोधावे लागणार असे दिसू लागले. संक्रमण कसे करायचे यावर स्वयंसेवकांचे एकमत होईना. शेवटी घटनेने निर्माण केलेल्या तांत्रिक समितीकडे प्रश्न गेला. प्रत्येक पॅकेजने जुन्या जागी नव्या जागेकडे नेणारा दुवा ठेवावा, सगळी हलली की पुढच्या आवृत्त्यांत दुवे काढावेत, असा तोडगा समितीने दिला. कागदपत्रांचे एक फोल्डर हलवायला काही वर्षे लागली. पण त्या काळात कोणाचेही काम बंद पडले नाही, आणि पुढच्या मोठ्या बदलांना हा नमुना उपयोगी पडला.

दुसरा वाद मेनूचा. प्रोग्रॅमांची यादी दाखवण्याची डेबियनची स्वतःची जुनी पद्धत होती. पुढे प्रमुख डेस्कटॉपांनी मिळून एक सामाईक पद्धत काढली आणि बहुतेक लोक तिकडे वळले. पुस्तिकेत काय लिहावे यावर संपादकांमध्येच मतभेद झाले. अनुमोदन मिळालेला मजकूर पुस्तिकेत चढवला गेला आणि मग काढला गेला. तांत्रिक समितीने २०१५ मध्ये निर्णय दिला: ज्या पॅकेजकडे नव्या पद्धतीची फाइल आहे त्याने जुनी ठेवू नये. दुखावलेली माणसे होतीच. तीन सह्या जमल्या म्हणून एकमत झाले असे होत नाही, हे या प्रसंगात ठळक दिसले.

याउलट २०१७ चा एक बदल पद्धतीचे बळ दाखवतो. तोच मूळ मजकूर, तीच साधने वापरून कोणीही पॅकेज पुन्हा बांधले तर बिट न् बिट तेच निघाले पाहिजे, म्हणजे मधल्या मध्ये कोणी काही मिसळले नाही याची खात्री पटते, या विचाराने २०१३ पासून डेबियनमधला एक गट काम करत होता. त्यांनी नियमापासून सुरुवात केली नाही. आधी अडथळे शोधले: फाइलींत शिरणारी तारीख-वेळ, दरवेळी बदलणारा क्रम, बांधणाऱ्या यंत्राचे नाव. एकेका पॅकेजला पॅच पाठवले. दहांतली नऊहून अधिक पॅकेजे चाचणीत तंतोतंत पुन्हा बांधता येऊ लागली, तेव्हा ऑगस्ट २०१७ मधल्या पुस्तिकेच्या ४.१.० या आवृत्तीत कलम आले, आणि तेही 'शुड' म्हणून. रूढ झालेले आधी, लिहिलेले नंतर, हा क्रम पुस्तिकेने बहुतेक वेळा सांभाळला आहे. लोक करत नसलेली गोष्ट नियम लिहून करून घ्यायचा प्रयत्न तिथे फारसा टिकत नाही.

त्याच वर्षी पुस्तिकेचा मूळ मजकूर जुन्या, थोड्यांनाच येणाऱ्या मांडणीतून साध्या मजकुरासारख्या वाचता येणाऱ्या मांडणीत आणला गेला. बदल सुचवायला आता खास भाषा शिकावी लागत नाही. बदल करण्याची पद्धतही पुस्तिकेतच दिलेली आहे: मुद्दा मांडला, चर्चा चालू, प्रस्ताव आला, मजकूर आला, अनुमोदन मिळाले, आणि शेवटी स्वीकार किंवा नकार. प्रत्येक बगवर तो कोणत्या टप्प्यावर आहे याची खूण असते. मजकुरापर्यंत पोचून अनुमोदकांअभावी थांबलेले बगही नोंदींत आहेत. ते कोणी पुसून टाकत नाही. याच नियमांखाली जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४,४१९ पॅकेजे होती. उबुंटूसारख्या डेबियनवर उभ्या राहिलेल्या प्रणालींनी या पुस्तिकेचा पाया घेऊन आपले नियम लिहिले. अनेक वर्षे थांबलेल्या एखाद्या बगवर नवा माणूस येतो, जुनी चर्चा वरपासून वाचतो, मजकूर आजच्या आवृत्तीला जुळवून घेतो आणि पुन्हा दोन अनुमोदक मागतो.