वीस वर्षांचे प्राचीनत्व

'जीर्णोद्धार' या आपल्या शब्दात एक क्रम गृहीत धरलेला आहे. वास्तू आधी जीर्ण होते, मग तिचा उद्धार होतो. जपानमधील इसे येथील शिंतो महामंदिराला हा शब्द लागू पडत नाही. तेथे देवालय जीर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर त्याच घडणीचे नवे देवालय उभारले जाते, रात्रीच्या अंधारात देवतेचे स्थलांतर होते, आणि मग जुने देवालय उतरवले जाते. ती जागा पुढील आवर्तनापर्यंत रिकामी राहते. या विधीला 'शिकिनेन सेंगू' म्हणतात आणि त्याचा नेम वीस वर्षांचा आहे. ६२वा सेंगू २०१३ साली झाला; २०३३ साली व्हावयाच्या ६३व्या सेंगूची विधिमालिका २०२५ मध्ये सुरू झाली आहे. मग हे मंदिर केव्हाचे समजायचे? तेराशे वर्षांपूर्वीचे, की २०१३ सालचे?

या प्रश्नाचे एक उत्तर बरेच रूढ झाले आहे: द्रव्य नवे, पण रूप पुरातन, लाकूड बदलते, मंदिर बदलत नाही. मूळ हस्तलिखित नष्ट झाले तरी प्रतींतून ग्रंथ टिकतो, हे जाणणाऱ्या साहित्याच्या अभ्यासकाला हे उत्तर चटकन पटते. आम्हांला मात्र ते अर्धेच वाटते. प्रतीचा विचार करायचा तर प्रत करणाऱ्याचाही करावा लागतो, आणि इसेच्या बाबतीत खरी कथा तेथेच आहे.

इसेला मुख्य देवालये दोन. 'नाइकू' म्हणजे आतले देवालय सूर्यदेवता आमातेरासूचे. 'गेकू' म्हणजे बाहेरचे देवालय अन्नदेवता तोयोउकेचे. लहानमोठी मिळून या परिवारात १२५ देवस्थाने आहेत. राजकन्या यामातोहिमे देवतेसाठी स्थान शोधत फिरली आणि अखेर इसुझू नदीच्या काठी थांबली, ही स्थापनेची कथा 'निहोन शोकी' या इतिवृत्तात येते. हे इतिवृत्त ७२० सालचे; 'कोजिकी' ७१२ सालची. नाइकूचा पहिला सेंगू सम्राज्ञी जितोच्या काळात, ६९० साली झाला आणि गेकूचा ६९२ साली. सेंगूचा नेम परंपरा सम्राट तेम्मूकडे नेते आणि कोजिकीच्या संकलनाची आज्ञाही, तिच्या प्रस्तावनेनुसार, त्याचीच. या तारखा जवळजवळ ठेवून पाहिल्या की ध्यानात येते की ग्रंथ आणि वास्तू एकाच राजसत्तेच्या एकाच उद्योगाची अंगे होती. आपले प्राचीनत्व ती सत्ता एकीकडे शब्दांत बांधत होती, दुसरीकडे लाकडात.

ते लाकूड हिनोकी या सुगंधी सुरूवर्गीय वृक्षाचे. खांब दगडी जोत्यावर बसवत नाहीत, थेट जमिनीत पुरतात. छप्पर गवताचे असते. पुरलेला खांब कुजतो, गवत झडते. तेव्हा वीस वर्षांची मुदत काही अंशी या बांधणीतूनच समजते. दुसरे कारण माणसांचे. उमेदवारीत एक सेंगू पाहिलेला सुतार पुढल्या सेंगूत मुख्य कारागीर होऊ शकतो आणि त्यापुढल्यात गुरू. देवालयाबरोबर वस्त्रे, शस्त्रे, वाद्ये, साज अशा ७१४ प्रकारच्या १५७६ वस्तूही नव्याने घडवल्या जातात. उतरवलेले लाकूड वाया जात नाही. मुख्य देवालयाच्या आढ्याला पेलणारे खांब उजी पुलाच्या दोन्ही टोकांची तोरणद्वारे होतात.

इथवरचे चित्र अखंडतेचे आहे. आता कुंपणाकडे वळू.

इसेचे सोवळे कडक होते आणि त्याची सर्वांत मोठी साक्ष भाषेत मिळते. ९२७ साली सिद्ध झालेल्या 'एंगिशिकी' या विधिसंहितेत निषिद्ध शब्द आणि त्यांचे पर्याय नोंदवलेले आहेत. मृत्यूला 'बरे होणे' म्हणावे, रक्ताला 'घाम', आजारपणाला 'विश्रांती'. आणि याच यादीत बौद्ध धर्माचे शब्दही आहेत: सूत्रग्रंथ म्हणजे 'रंगवलेला कागद', विहार म्हणजे 'कौलारू', आणि मुंडन केलेला भिक्षू म्हणजे 'लांबकेश्या'! ज्या दरबाराचा बौद्ध धर्माला उदार आश्रय होता, त्याच दरबाराने आपल्या कुलदेवतेच्या दारात त्याचे नावही घेऊ दिले नाही. शुद्धतेला नेहमीच कोणीतरी बाहेरचा लागतो.

बाहेर ठेवलेल्यांनी मात्र इसेकडे पाठ फिरवली नाही. कवी साइग्यो हा बौद्ध भिक्षू. ११८० च्या सुमारास तो इसेच्या परिसरात येऊन राहिला, आणि पुढे आपल्याच कवितांच्या जोड्या लावून केलेले दोन काव्यस्पर्धा-संग्रह त्याने नाइकू व गेकूला अर्पण केले. पहिल्याचा निवाडा फुजिवारा शुनझेइने केला, दुसऱ्याचा त्याचा पुत्र तेइका याने. बाशो तर भिक्षूही नव्हता. पण १६८४ च्या प्रवासात, डोके मुंडलेले म्हणून, त्याला देवापुढे जाऊ दिले नाही, अशी नोंद त्याने स्वतः केली आहे. तोच बाशो 'ओकु नो होसोमिची' या आपल्या प्रसिद्ध प्रवासग्रंथाच्या अखेरीस, १६८९ साली, इसेचा सेंगू पाहण्यासाठी नावेत बसतो. जपानी गद्यातील एका श्रेष्ठ कृतीचा शेवट त्या दाराच्या दिशेने होतो, जेथे तिच्या कर्त्याला अडवले गेले होते.

आणि ज्याला अखंड म्हणतात ते मुळात अखंड नव्हते. यादवी युद्धांच्या काळात राजकोश आटला आणि सेंगू थांबला. गेकूचा सेंगू १४३४ नंतर एकदम १५६३ साली झाला, नाइकूचा १४६२ नंतर १५८५ साली. म्हणजे सव्वाशे वर्षे, पाच-सहा पिढ्या. सुतारांची गुरुशिष्य-साखळी जर खरोखर वीस वर्षांच्या कड्यांवरच टांगलेली असती, तर ती याच काळात तुटून पडती.

हा खंड कोणी भरून काढला? १५६३ च्या सेंगूसाठी सेइजुन नावाच्या स्त्रीने निधी गोळा केला. १५८५ च्या सेंगूमागे ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी यांचे द्रव्य होते, तसे सेइजुनची उत्तराधिकारी शुयो हिचे परिश्रमही होते. दोघीही केइकोइन या मठातील बौद्ध भिक्षुणी. ज्यांचा उल्लेख करायलाही पर्यायी शब्द योजावा लागे, त्यांनी देवीचे घर पुन्हा उभे केले. मेइजी काळाच्या आरंभी शिंतो आणि बौद्ध धर्म सक्तीने वेगळे करण्यात आले, तेव्हा केइकोइन मठही संपुष्टात आला. त्याची वास्तू आज मंदिराच्या 'साइशु' या सर्वोच्च पदाचे निवासस्थान आहे.

पुढे सामान्य यात्रेकरूंनीही या कुंपणाला आपल्या परीने खिळखिळे केले. १६५०, १७०५, १७७१ आणि १८३० या वर्षांत 'ओकागे-माइरी' नावाच्या महायात्रांची लाट उसळली. नोकर मालकाला आणि मुले आईबापांना न विचारता इसेची वाट धरत. १८७१ साली सरकारने तेथील पिढीजात पुरोहितपणा मोडला आणि इसे राष्ट्रधर्माचे शिखर ठरले. १९४५ च्या पराभवानंतर ते स्थानही गेले. १९४९ चा सेंगू पुढे ढकलावा लागला. तो १९५३ साली लोकांच्या देणग्यांतून पार पडला. उजी पूल मात्र १९४९ सालीच नवा झाला, आणि तेव्हापासून पूल सेंगूच्या चार वर्षे आधी बांधण्याचा प्रघात पडला. आज तीही परंपराच मानली जाते.

६९० पासून २०१३ पर्यंत वीस वर्षांचा नेम काटेकोर पाळला गेला असता, तर आवर्तने ६७ भरली असती, भरतात ६२. या उणिवेमुळे इसेचे महत्त्व कमी होत नाही, असे आम्हांला वाटते. उलट ते नीट समजू लागते. परंपरा कधीच खंडित झाली नाही, हा दावा बहुधा वंशजांचा असतो. खंड पडल्यावर ती पुन्हा सुरू करण्याचे काम कोणी केले, हे विचारणे अभ्यासकाचे. इसेत त्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा कुंपणाच्या बाहेर सापडते.