डूख कोण धरतं?

राग येतो, डूख मात्र धरावा लागतो. मराठीने हा निवाडा केव्हाच करून ठेवला आहे. 'मला राग आला' यात 'मी' बिचारा चतुर्थीत उभा. भूक लागावी, शिंक यावी तसा राग येतो, विचारून येत नाही. पण 'मी त्याच्यावर डूख धरला' म्हटलं की कर्ता मीच. आकस धरतात, दावा धरतात, वैर धरतात. सगळीकडे मूठ वळलेली. नाग डूख धरतो म्हणतात, आणि सर्पमित्रांनी कितीही समजावलं तरी गावात कुणाला ते पटत नाही. स्वतःचा उद्योग नागावर ढकलणं सोयीचं असावं.

'राग' मुळात रंगाचा शब्द. रञ्ज् म्हणजे रंगणे. संस्कृतात राग म्हणजे लाली, आसक्ती, 'अनुराग' त्यातलाच. मराठीने लाली तेवढी घेतली आणि नाकाच्या शेंड्यावर आणून ठेवली. उलट संस्कृतातला हावरा 'लोभ' आपल्याकडे पत्राच्या शेवटी मायाळू होऊन बसला.

मग मनातली 'अढी'. अढी आंब्यांचीही असते. गवताचा थर, त्यावर कैऱ्या, वर पुन्हा गवत. पण ती घालून कुणी विसरत नाही. दर दोन दिवसांनी हात घालून चाचपायचं, पिकलेलं फळ बाजूला काढायचं, डागाळलेलं आधी. मनातली अढीही माणूस अशीच चाचपत असतो, फक्त डागाळलेलं बाहेर काढत नाही.

सगळ्यात नेमका शब्द पालीत सापडतो: 'उपनाह'. धातू नह्, बांधणे. शस्त्रं बांधून तयार झालेला 'सन्नद्ध' याच घरातला. वैद्यांचा उपनाह म्हणजे दुखऱ्या सांध्यावर बांधलेलं पोटीस. पायाला बांधायची ती 'उपानह्', आणि प्राकृतातून घासत घासत तिची झाली आपली 'वहाण'. अभिधम्मपिटकातल्या 'विभंग' या ग्रंथात क्रोध आणि उपनाह वेगळे मोजले आहेत: आधी येतो तो क्रोध, नंतर उरतो तो उपनाह. पुन्हा तेच, येणं आणि बांधून ठेवणं.

यावर आपला ठरलेला सल्ला, 'विसरून जा रे!' गंमत अशी की बौद्ध परंपरा नेमकं उलट सांगते. 'सति' म्हणजे स्मृती. 1881 मध्ये पालीचे अभ्यासक ऱ्हीस डेव्हिड्स यांनी तिच्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला. आपण त्याचं 'सजगता' केलं. मला 'भान' जास्त आवडतो. भा म्हणजे प्रकाशणे, दिसणे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून विपश्यनेची शिबिरं होतात. तिथे सांगतात की राग आला तर श्वास पाहा, अंगावरच्या संवेदना पाहा: तापलेली कानशिलं, छातीतले ठोके. थोडक्यात, 'आला' आणि 'धरला' यांच्या मधल्या फटीत उभे राहा.

क्षमेचे शब्दही एका वळणाचे नाहीत. क्षम् म्हणजे सोसणे, पेलणे. 'क्षमता' आणि 'सक्षम' तिथलेच, आणि क्षमा हे पृथ्वीचंही नाव. 'माफ' आला अरबीतून. त्याच्या मुळाशी पुसून टाकण्याचा अर्थ आहे, पण आपल्याकडे तो कचेरीच्या दारानेच जास्त वावरला: सारामाफी, फीमाफी, कर्जमाफी. येणं होतं, ते सोडलं. भिकाऱ्याला 'माफ कर बाबा' म्हणतात तेव्हा तर त्याचा अर्थ सरळ 'देणार नाही' असा होतो.

घरगुती बोली या दोन्हींपासून लांब. तिथे अपराध 'पोटात घालतात'. 'पोटात ठेवणे' म्हणजे गुपित राखणे. 'पोटात घालणे' म्हणजे चूक सोडून देणे. एका क्रियापदाने एवढा फरक पडतो. वडीलधाऱ्यांना लिहिलेल्या जुन्या पत्रांत ही विनंती हमखास असे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर 'सॉरी' येतं आणि समोरचा उत्तरादाखल अंगठा दाखवतो. मराठीत अंगठा दाखवण्याचा अर्थ काय, हे त्या दोघांनाही ठाऊक असतं.