रूळ आले, वर्णभेद गेला नाही

रेल्वे आली, शहर वाढले की भेदभाव आपोआप गळतो, असे आम्हाला नेहमी ऐकवले जाते. मग अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातले हॅटिसबर्ग पाहा. गुलामगिरी राखू पाहणाऱ्या सैन्यात लढलेले कॅप्टन विल्यम हार्डी यांनी १८८२ मध्ये रेल्वेमार्ग आखताना ते वसवले. लाकडाच्या गिरण्या आल्या, वस्ती फुगली. पण तिथले महाविद्यालय गोऱ्यांचेच राहिले. तिथे प्रवेश मागणारे कृष्णवर्णीय माजी सैनिक क्लाइड केनार्ड यांना १९६० मध्ये कोंबड्यांच्या खाद्याच्या पाच पोत्यांच्या चोरीत खोटे गोवून सात वर्षांची शिक्षा ठोठावली. माल किती, तर पंचवीस डॉलरचा! १९६३ मध्ये कर्करोगाने ते गेले. त्याच संस्थेने १९९३ मध्ये इमारतीला त्यांचे नाव दिले. न्यायालयाने निर्दोष म्हणायला मात्र २००६ उजाडले.