शिक्का हुकलेले तिकीट

पत्रावरील तिकिटावर शिक्का उमटायचा राहून गेला, तर ते सोडवून पुन्हा लावावे काय? हा प्रश्न जवळजवळ तिकिटाइतकाच जुना आहे.

रोलंड हिल यांच्या टपालसुधारणेपूर्वी इंग्लंडात हशील बहुधा पत्र घेणाराच भरी. ६ मे १८४० पासून 'पेनी ब्लॅक' हे तिकीट लागू झाले आणि तो भार पाठवणाऱ्यावर आला. या काळ्या तिकिटावर तांबड्या शाईने माल्टीज क्रॉसचा शिक्का मारीत. ती खूण काळ्या रंगावर ठळक दिसेना, शिवाय पुसूनही निघे. वापरलेली तिकिटे पुन्हा खपवली जातील या भयाने १८४१ मध्ये तिकीट तांबूस झाले आणि शिक्का काळा.

परंतु शिक्का हा केवळ पुरावा होय. तिकिटाचे मोल पत्र पोहोचवण्याच्या सेवेतच खर्ची पडते, शिक्का बसो वा न बसो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने हा भेद नेमका जाणला होता. वापराची खूण पुसणे हा कलम २६३ चा अपराध; आणि पूर्वी वापरलेले आहे हे ठाऊक असताना तिकीट कपटाने वापरणे, हा कलम २६२ चा स्वतंत्र अपराध. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही विभागणी कायम आहे. कायद्याने विचारलेला प्रश्न वापरणाऱ्याच्या जाणिवेविषयी आहे.

म्हणून आम्हांस वाटते, रक्कम कितीही क्षुल्लक असो, टपालखात्याच्या नजरचुकीने आपले देणे परत येत नाही. पत्र पोहोचले, तेथे तिकीट संपले.