मार्कंडादेव मंदिरसमूह

मार्कंडादेव : गडचिरोली जिल्ह्यात (ता. चामोर्शी) वैनगंगेच्या डाव्या तीरावरील लहान गाव व तेथील दगडी शिवमंदिरांचा समूह. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा होईपर्यंत हे स्थळ चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. जुन्या गॅझेटिअरांत ते तिथेच सापडते. याच तालुक्यातील मार्कंडा (कंसोबा) हे गाव निराळे.

एरवी दक्षिणेकडे धावणारी वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून तीर्थाचे माहात्म्य. मार्कंडेय ऋषीला शिवाने यमपाशातून सोडवले ते इथेच, अशी श्रद्धा आहे.

पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला. एकाच आवारात दाटीने उभी असलेली लहानमोठी वीसेक मंदिरे त्याने नोंदवली आणि त्यांची तुलना खजुराहोशी केली. ‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरुद पुढे कायमचे चिकटले. लोक मंदिरांना हेमाडपंती म्हणतात. पण मुख्य मंदिर साधारण दहाव्या-अकराव्या शतकातले मानले जाते, म्हणजे ही शैली ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या तेराव्या शतकातल्या हेमाद्रीच्या कितीतरी आधीचे.

मार्कंडेश्वराचे मंदिर समूहात सर्वांत मोठे. गर्भगृह, अंतराळ, मंडप आणि वर नागर धाटणीचे शिखर. बाहेरच्या भिंतींवर एकावर एक मूर्तींच्या ओळी फिरतात : शिवाची नाना रूपे, देवता, सुरसुंदरी, मध्येच हत्ती आणि सिंह. भिंत सरळ न ठेवता खाचाखोचांची केल्यामुळे शिल्पांना जागाही जास्त मिळते आणि ऊन-सावलीत ती उठून दिसतात. आवारातील दशावतार मंदिराची तऱ्हा वेगळी. ती कोनाड्यांची लांबट ओसरीच आहे.

वीज पडून शिखराचा माथा ढासळला व मंडपाचे छत फुटले, असे परंपरा सांगते. पुढे गोंड राजवटीत डागडुजी झाली. कोरीव कामाची नक्कल करण्याच्या फंदात न पडता कारागिरांनी बिननक्षीचे जाडजूड खांब देऊन छत तोलून धरले. जाणकारांनी या ठिगळाला नाके मुरडली आहेत. मंदिर उभे राहिले ते मात्र त्याच्याच जोरावर. खजुराहोचे बिरुद मिरवताना हा गोंडकालीन अध्याय सहसा गाळला जातो.

हा मंदिरसमूह केंद्रसंरक्षित स्मारक असून तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहे. जीर्णोद्धाराचे काम रेंगाळल्याची तक्रार अलीकडच्या काळात वारंवार झाली. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. विदर्भाबरोबरच तेलंगण व छत्तीसगडमधूनही भाविक येतात, नदीत स्नान करून दर्शनाच्या रांगेला लागतात.