खुराड्याचं दार उघडं, तरी कोंबड्या बाहेर का येत नाहीत?

हॅचरीतून पिल्लं आणली, बल्बच्या उबेत वाढवली, परसाला कुंपण घातलं आणि एके सकाळी खुराड्याचं दार उघडलं. कोंबड्या दारापर्यंत आल्या, माना काढून बाहेर पाहिलं आणि परत आत जाऊन बसल्या. परसात नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो.

यात खर्चाचाही प्रश्न आहे. अंडी देणारी एक कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना महिन्याला 30 किलोहून जास्त खाद्य लागतं. किडे, कोवळं गवत, सांडलेलं धान्य कोंबडी स्वतः शोधून खाईल, यावरच परसातल्या पालनाचं गणित बसतं. ती आतच बसून राहिली तर खाद्याचा खर्च वाढतो. दाटीमुळे खुराडं ओलं राहतं आणि कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात.

मग त्या बाहेर का येत नाहीत? त्या आळशी किंवा हट्टी नसतात. बहुतेक वेळा त्या घाबरलेल्या असतात.

भीती कशाची?

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण आणि आग्नेय आशियातली लाल रानकोंबडी. ती झाडाझुडपांच्या आडोशाने चरते. हा स्वभाव आपल्या कोंबडीतही उतरला आहे. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूसाठी कोंबड्या एक इशारा देतात आणि आकाशातून येणाऱ्या शत्रूसाठी वेगळा. वरून घार किंवा शिक्रा दिसला की त्या जागीच दबून बसतात किंवा आडोसा गाठतात.

झाडून लख्ख केलेलं मोकळं अंगण आपल्याला छान वाटतं. कोंबडीला मात्र तिथे लपायला जागा दिसत नाही.

दुसरं कारण म्हणजे शिकवायला आई नसणं. आईसोबत वाढलेल्या पिल्लांना कोंबडी दाणा उचलून, टाकून, हाक मारून काय खायचं ते दाखवते. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना हे शिक्षण मिळत नाही. त्यांच्यासाठी खाणं म्हणजे भांड्यातलं खाद्य.

आधी हे तपासा

आत बसलेली प्रत्येक कोंबडी घाबरलेलीच असते असं नाही.

- एकच कोंबडी घरट्यात ठाण मांडून, पिसं फुगवून बसली असेल आणि हात लावताच चिडत असेल, तर ती खुडूक असू शकते.
- मान खाली, डोळे मिटलेले, हिरवट विष्ठा, श्वासाला त्रास किंवा मान वाकडी, अशी लक्षणं असतील तर तो आजार आहे. मानमोडी म्हणजे राणीखेत रोगातही अशी लक्षणं दिसतात. कोंबडी वेगळी ठेवा आणि पशुवैद्यकांना दाखवा.
- उन्हाळ्यात दुपारी कोंबड्या सावली सोडत नाहीत. त्यांना घाम येत नाही, त्यामुळे हे साहजिक आहे.
- दाराशी एखादी दांडगी कोंबडी किंवा कोंबडा इतरांना अडवत असेल, तर दुसरं दार काढा.
- दार उंचावर असेल तर आडव्या पट्ट्या ठोकलेली, कमी उताराची फळी लावा.

बाहेर कसं आणायचं?

1. आधी घर ओळखू द्या. नव्या कोंबड्या साधारण आठवडाभर खुराड्यातच ठेवा. जाळीतून त्यांना अंगण दिसू द्या. यामुळे बाहेर पडल्यावर परत कुठे यायचं ते त्यांना कळतं.

2. दारापासून आडोसा तयार करा. सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. दाराजवळ जुनी बाज, विटांवर टेकवलेलं डालगं, तुऱ्हाट्यांचा मांडव, नारळाच्या झावळ्या किंवा चार काठ्यांवर ताणलेलं गोणपाट ठेवा. दोन-चार पावलांवर पुढचा आडोसा हवा, म्हणजे कोंबडी एकाखालून दुसऱ्याखाली जात पुढे सरकते. कायमचा उपाय म्हणून केळी, शेवगा आणि झुडपांची रांग लावा.

3. संध्याकाळी दार उघडा. सूर्यास्ताआधी तासभर ही सुरुवातीला चांगली वेळ असते. ऊन उतरलेलं असतं, कोंबड्या फार लांब जात नाहीत आणि अंधार पडायला लागला की आपोआप परततात. हळूहळू ही वेळ वाढवा.

4. दाणा बाहेर, हाक एकच. त्या दिवशीचं दुपारचं खाद्य थोडं कमी ठेवा, पण उपाशी ठेवू नका. ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी आधी उंबऱ्यावर, मग फूटभर पुढे, मग आडोशाखाली टाका. दरवेळी एकच हाक द्या किंवा तोच डबा वाजवा. पुढे कोंबड्या परत बोलावतानाही हीच हाक कामाला येते.

5. सरावलेली कोंबडी सोबत द्या. चरायची सवय असलेली गावरान कोंबडी पाहून बाकीच्या शिकतात. मात्र नवी आणलेली कोंबडी आधी किमान दोन आठवडे वेगळी ठेवून ती निरोगी असल्याची खात्री करा.

हे टाळा

काठीने हुसकावणं आणि पाय धरून बाहेर ओढणं पूर्णपणे टाळा. दार म्हणजे धोका, एवढंच कोंबडीच्या लक्षात राहतं आणि मग ती आणखी आत सरकते. पहिल्याच दिवशी कुत्रा, मांजर किंवा मुंगूस मागे लागलं तरी असंच होतं. म्हणून सुरुवातीचे दिवस स्वतः जवळ थांबा.

सगळ्या एकदम बाहेर येतील अशीही अपेक्षा नको. आधी एखादी धीट कोंबडी निघते, बाकीच्या तिला पाहून येतात. याला दोन आठवडेही लागू शकतात.

कधी सोडूच नये?

परिसरात बर्ड फ्लूची साथ असेल तर कोंबड्या आतच ठेवा आणि पशुसंवर्धन विभागाच्या सूचना पाळा. देशात या रोगाचा पहिला उद्रेक 2006 मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात झाला होता. जंगली पक्ष्यांमार्फत हा रोग पसरू शकतो. पिसं पूर्ण न आलेली लहान पिल्लंही पावसात किंवा थंडीत सोडू नका.

बाकी दिवशी दार उघडण्याआधी एकदा कोंबडीच्या उंचीवर वाकून बाहेर पाहा. लपायला जवळ जागा दिसत नसेल, तर आधी तिची सोय करा.